चाळीस अंशांवरचा आवाज

३ मार्च

वर्ख तिसऱ्यांदा फाटला. चौथ्यांदा जमला.

धातू आला तो बोटाएवढ्या कुपीत. बरोबर तेरा कागद आणि एक माणूस. माणूस सह्या घेऊन गेला, कुपी माझ्या हवाली. पोलादाच्या दोन गुळगुळीत पत्र्यांमध्ये घालून रोलरमधून काढायचा, दर फेरीला पाव वळण द्यायचं, नाहीतर एका अंगाने जाड राहतो. तिसरा फाटला तेव्हा हा प्रयोग ज्यांचा त्या बाई शेजारीच उभ्या होत्या. दुसऱ्या कुणी सुस्कारा तरी टाकला असता. या म्हणाल्या, "असू द्या मिस्त्री, तुकडे तरी सुबक झालेत." तुकडे वितळवून पुन्हा लाटले.

चौथा दिव्यासमोर धरला — भोक नाही, डाग नाही. बाई बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "आता माझं सगळं यावर आहे हो." हसून म्हणाल्या, पण खरंच आहे ते. त्यांचा पाच वर्षांचा करार संपतोय. अठ्ठावीस तारखेला समिती बसते. हातात पक्का निकाल असला तर कायम, नाहीतर सामान बांधायचं.

"वर्खाची काळजी सोडा," म्हटलं. "तो माझा आहे."

४ मार्च

आजपासून इलेक्ट्रॉनचा झोत सुरू. त्याआधी गाडा लावला.

आमचा खेळ काय आहे ते एकदा लिहून ठेवतो. काल हिला समजावून सांगायला गेलो तर मधेच मशीनमध्ये दोरा ओवायला लागली.

वर्खात अणू. अणूच्या पोटात केंद्र. ते इतकं बारीक की कुठल्या भिंगातून दिसायचं नाही. म्हणून त्याच्यावर इलेक्ट्रॉन मारायचे. बहुतेक सरळ आरपार जातात, मोजके वळतात. कोणत्या कोनाला किती वळले ते मोजायचं. वर्ख मधोमध, आणि त्याच्याभोवती आठ मीटरवरून फिरलेला अर्धगोल रूळ. रुळावर शंभर टनांचा गाडा, गाड्याच्या पोटात इलेक्ट्रॉन मोजणारं यंत्र. गाडा पुढे सरकेल तसे इलेक्ट्रॉन कमी होतात, एका जागी जवळजवळ संपतात, मग पुन्हा थोडे वाढतात. आलेखात तिथे खड्डा दिसतो. खड्डा कुठे पडला त्यावरून केंद्र केवढं ते कळतं — थोरलं असेल तर खड्डा अलीकडे, धाकटं असेल तर पलीकडे. आणि किती खोल पडला त्यावरून घाट कळतो. चेंडूसारखं गोल असेल तर खड्डा विहिरीसारखा. लांबट असेल तर अर्धा बुजलेला.

झालं. बाई याला एक तास घेतात.

साहेबांनी — आमच्या संचालकांनी — हेच केंद्र बावीस वर्षांपूर्वी मोजलं. वर्ख तेव्हाही माझाच. केंद्र गोल, माप इतकं इतकं, असं आता पाठ्यपुस्तकात आहे. बाईंना वाटतं, ते गोल नाही.

आता गाडा लावणं. रुळाला एकच सांधा आहे, आणि तो मोजून बरोबर चाळीस अंशांवर बसवलेला आहे. दर आठवड्याला गाडा मुंगीच्या चालीने सांध्यावर आणायचा. चाक सांध्यावर आलं की आवाज होतो. मी हात वर करतो. कंट्रोल रूममधला ऑपरेटर — दिवसभर गुणगुणतो म्हणून त्याला गवई म्हणतात — काचेतून माझा हात बघतो आणि तबकडी चाळीसवर आणतो. पुढचे सगळे कोन तिथून मोजायचे. इतकी नवी यंत्रं आली आणि गेली, पण हे काम माझ्याच कानाकडे राहिलं.

पंधराव्या वर्षी इथे लोखंडाचा कीस झाडायला लागलो. शिकवलं कुणीच नाही. झाडता झाडता ऐकत होतो. लेथ कसा कुरकुरतो यावरून हत्यार बोथट झालं कळायचं, ते त्या लेथवाल्याला कळायच्या आधी. तेवढ्यावर झाडू सुटला.

५ मार्च

पंप गुरगुरत होता. बेअरिंग बदललं. गवई म्हणतो, त्याला काही ऐकू आलं नाही. त्याला स्वतःशिवाय काय ऐकू येतं!

९ मार्च, रविवार

लेक आणि नात आल्या होत्या. नातीला कुणीतरी चावीचा पक्षी दिलाय. चावी दिली की मान हलवतो, चोच उघडतो. आवाज नाही.

"आजोबा, गातोय ना?"

"गातोय, गातोय."

ती अंगणात गेल्यावर पक्ष्याचं पोट उघडलं. आत इवलासा भाता, त्याला इवलीशी शिट्टी. सगळं जागच्या जागी. साफ केलं, तेलाचा थेंब सोडला, बंद केला. तरी मुकाच.

लेक म्हणाली, "बाबा, त्याला काय झालंय?"

"बनवणाऱ्याने शिट्टी चुकीची बसवलीय. बघतो मी."

तिने हिच्याकडे बघितलं. ही शिवत होती, मान वर केली नाही.

१२ मार्च

खड्डा सापडला. अर्धा बुजलेला! बाईंनी गवयाच्या पाठीत धपाटा घातला. केंद्र लांबट आहे.

आनंद पाऊण तास टिकला. साहेब आले, चष्मा कपाळावर चढवून आलेखापाशी वाकले. म्हणाले, "बाई, खड्डा अलीकडे पडलाय. तुमचं केंद्र माझ्यापेक्षा थोरलं निघतंय."

"थोडंसं."

"थोडंसं कसं? बावीस वर्षांत अणुकेंद्र जाड होत नाही. माणसं होतात." आपल्याच पोटावर हात फिरवला. मग जरा मऊपणाने म्हणाले, "खड्ड्याची जागाच चुकलीय, तर त्याच्या खोलीवर समिती कसा विश्वास ठेवेल?"

माणूस वाईट नाही. पण त्या मापावर त्याचं आयुष्य उभं आहे.

१३ मार्च

कँटीनमध्ये मागच्या टेबलावर दोघं खर्जात बोलत होते. "मिस्त्रीचा वर्ख तरी धड होता का?" भिंतीकडे तोंड करून बोलले तरी मला ऐकू आलं. ताट घेऊन त्यांच्याच टेबलावर जाऊन बसलो. म्हटलं, "जाडी कमीजास्त झाली तर सगळा आलेख वरखाली होतो. डावीकडे उजवीकडे नाही. जेवा आता."

दुपारी वर्ख काढून पुन्हा तोलला. केसाचाही फरक नाही.

१५ मार्च

दुर्बीणवाला येऊन रूळ मोजून गेला. सांधा बरोबर चाळीस अंशांवर. झोताची रेघही जागेवर. बाईंनी झोताची ताकद तपासली, चुंबक तपासले. सगळं बरोबर आणि उत्तर चूक. बाई आज जेवल्या नाहीत. दहा दिवसांनी झोत बंद होणार, मग पावसाळ्यानंतरच.

१६ मार्च, रविवार

पक्षी पुन्हा उघडला. नवी शिट्टी करून बसवली, पितळेची, जुनीपेक्षा सरस. फुंकून बघितली, हवा नीट जाते. आवाज नाही. नात रडायला लागली — "गाणारा पक्षी होता, आजोबांनी का उघडला?" मी म्हटलं, अगं, गात नव्हता म्हणून. ती म्हणाली, "अजून गातोय." मग रडतेस कशाला, ते काही सांगेना.

संध्याकाळी हिला बाईंची अडचण सांगितली. माप जमत नाही म्हणून घाटावर कुणी विश्वास ठेवत नाही. ही तोंडात टाचण्या धरून म्हणाली, "घेर आणि घाट वेगळे असतात, एवढंही कळत नाही तुमच्या साहेबांना? दोघींची कंबर छत्तीस. एक गोल, एक चपटी. टेपला दोघी सारख्या. झंपर घालून बघितला की कळतं."

"साहेबांनी झंपर घालून बघायचा?"

"टाचणी गिळायला लावाल मला."

१७ मार्च

बाईंना हिचं म्हणणं सांगितलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं, अगदी झंपरासकट.

मग जरा चाचरत म्हणाल्या, "मिस्त्री, रागावू नका. साहेब म्हणतात, कोनांची सुरुवात माणसाच्या कानावर आहे, कागदावर नाही. आज गाडा लावताना रुळाला ध्वनी टिपणारं यंत्र चिकटवू का?"

"चिकटवा की. मला काय."

रागावलो होतो. सबंध दुपार गवयालाही गुणगुणू दिलं नाही.

गाडा आला, आवाज झाला, हात वर केला. नेहमीसारखं.

१८ मार्च

बाईंनी कागद दाखवला. त्यावर आवाजाचे दोन उंचवटे. एक बारीक, टोकदार. त्याच्यामागे दुसरा, रुंद. माझा हात दुसऱ्यावर.

"हे पहिलं काय आहे?"

"यंत्राचा दोष," म्हटलं. "आवाज एकच होतो. तीस वर्षं ऐकतोय."

गवयाने छताकडे बघितलं. त्याचं छताकडे बघणं मला आवडलं नाही.

१९ मार्च

कपाटाच्या तळातून बावीस वर्षांपूर्वीची रोजनिशी काढली. साहेबांची मोजणी चालू होती ते दिवस. माझंच अक्षर, तेव्हा जरा बरं होतं:

"सांध्याचे दोन आवाज. चाक अलीकडच्या कडेवरून सुटतं तेव्हा बारीक टिक, पलीकडच्या कडेवर आदळतं तेव्हा जाड टक. हात टिकवर करायचा. कोन अलीकडच्या कडेपासून मोजलेला आहे."

दोनदा वाचलं. दोन आवाज होते हेच मी विसरलो होतो. पहिला कधी गेला ते कळलंच नाही — जाताना सांगून थोडाच जातो!

ही मशीनवर बसली होती. पक्षी तिच्यासमोर ठेवला, चावी दिली. मान हलली, चोच उघडली.

"गातोय का ग हा?"

तिने मशीन थांबवलं. "हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"पहिल्या दिवसापासून. तुमच्या शिट्टीने तर घर डोक्यावर घेतो."

"तुला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली. मी जाड आवाजात बोलते ते काय घसा बसला म्हणून?"

डोक्यात काय आलं तेही लिहितो, इथे कोण वाचतंय. सोमवारी मुकाट्याने बाईंच्या यंत्राकडे बघून हात वर करावा. सांध्यात कचरा होता, साफ केला, असं सांगावं. कुणाला कळणार नव्हतं. पण मग आतापर्यंतची मोजणी नक्की कशाने चुकली ते बाईंना कधीच कळणार नाही, आणि समितीपुढे त्या काय सांगणार — कचरा?

शिवाय गवई छताकडे बघणार.

२० मार्च

बाईंच्या खोलीत गेलो. साहेबही तिथेच. बरं झालं, एकदाच सांगावं लागलं.

"बाई, गाडा मी चुकीचा लावतोय. सांध्याचा पहिला आवाज मला ऐकू येत नाही."

"कधीपासून?"

"पक्षी मुका झाला त्याच्या आधीपासून."

मग पक्षी सांगावा लागला. शिट्टी सांगावी लागली. साहेब इतके हसले की चष्मा पुसावा लागला. मग एकदम थांबले. "अहो, म्हणजे माझ्या वेळचंही...?"

जुनी रोजनिशी बरोबर नेलीच होती. ते पान उघडून पुढे ठेवलं. "तुमच्या वेळी दोन्ही ऐकू येत होते साहेब. लेखी आहे."

साहेबांनी वाचलं. खालच्या दोन-तीन ओळीही वाचल्या आणि तिथे जरा अडखळले. त्या काळी मी साहेबांबद्दल काय काय लिहायचो ते आठवून वही ओढून घेतली. "पुढचं खाजगी आहे."

बाई तोवर कागदाच्या कडेला हिशेब करत होत्या. "मिस्त्री, सांध्याची फट किती?"

"चौदा मिलिमीटर."

"आठ मीटरवर चौदा... एक दशांश अंश." पेन थांबलं. "माझे सगळे कोन एक दशांश कमी लिहिले गेलेत. खड्डा पलीकडे सरकतो."

"किती सरकतो?" साहेबांनी विचारलं.

"बरोबर तुमच्या मापावर."

साहेब खुर्चीत मागे रेलले. "मग झालं तर. केंद्र माझंच."

"माप तुमचं," बाई म्हणाल्या. "खड्डा अजून बुजलेलाच आहे."

मीच म्हटलं, "घेर तुमचा साहेब, घाट त्यांचा." पण हिचं नाव सांगितलं नाही. माझ्या नावावर एवढं एक तरी बरं जमा होऊ दे.

२१ मार्च

गाडा पुन्हा लावला. बाई रुळापाशी वाकून ऐकत होत्या, मी नेहमीच्या जागी. त्यांनी माझ्या पाठीला बोट लावलं, मी हात वर केला. गवयाने तबकडी फिरवली. वरून ओरडला, "आज हात लवकर वर गेला मिस्त्री!"

"तू गात नव्हतास म्हणून."

चार दिवस आहेत. बाईंनी खड्ड्याच्या आसपासचे सगळे कोन पुन्हा मोजायला घेतलेत.

२५ मार्च

झोत बंद झाला. खड्डा साहेबांच्या जागेवर, आणि अर्धा बुजलेला. बाईंनी धपाटा या वेळी मला घातला.

२६ मार्च

ही मला ओढत कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. जाड आवाज उत्तम, बारीक जवळजवळ गेलेले. वर्कशॉपमध्ये किती वर्षं काढली, विचारलं. म्हटलं, सगळी. कानात बसवायचं यंत्र दिलं, शेंगदाण्याएवढं.

घरी येईपर्यंत माझे बूट करकरतात हे कळलं. मग पक्ष्याला चावी दिली. बाप रे. ती पितळेची शिट्टी भलतीच कर्कश झालीय. नात का रडली ते समजलं. जुनी शोधून परत बसवली.

मग ही काहीतरी म्हणाली, सवयीने जाड आवाजात. म्हटलं, "आता तुझ्या आवाजात बोल." बोलली. किती बारीक आहे! लग्नात असाच होता.

२८ मार्च

समिती बसली. बाईंना विचारलं, जागा आधी चुकली होती ती कशी, आणि आता बरोबर कशावरून? बाईंनी सांध्याचा कागद पुढे ठेवला, दोन्ही उंचवटे दाखवले. म्हणाल्या, "चूक आमच्या मिस्त्रींनी स्वतः शोधून दिली." झंपरही सांगितला. मग साहेब उठले आणि अर्धा तास बाईंच्या बाजूने बोलले. आत बसलेला शिपाई सांगत होता — साहेब असे कधीच बोलत नाहीत, कुणाची तरी माफी मागत असल्यासारखं वाटत होतं.

बाई कायम.

३० मार्च, रविवार

साहेब घरी आले. एकटे. काखेत त्यांची बावीस वर्षांपूर्वीची मोजणीची वही. बसले, पाणी प्यायले, वही उघडून माझ्यापुढे सरकवली. पेन्सिलीने काढलेला आलेख. खड्डा अर्धा बुजलेला. त्याच्यावर काट मारून शाईने नवा काढलेला, विहिरीसारखा खोल. बाजूला साहेबांचं अक्षर: "वर्ख खराब. वर्कशॉपची चूक. खड्डा खोल धरला."

मी जुनी रोजनिशी आणली. साहेब त्या दिवशी जिथे अडखळले होते ती ओळ काढली.

"आज साहेबांचा वर्ख केला. पहिल्याच खेपेला, न फाटता. भोक नाही, डाग नाही."